प्रभाकरची एकाच काडतुसाची रायफल

सुजाताचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. एका हातात स्क्रेपर, दुसऱ्या हातात फोन. "ताई, गेले ते," एवढंच ती म्हणाली. मग फोनमधून हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधल्या कुठल्याशा ट्रॉलीच्या चाकांचा आवाज येत राहिला. तिचा नवरा प्रभाकर रामटेके, वय एकोणपन्नास. लंडनच्या हॉस्पिटलात गेला. हे लंडन इंग्लंडातलं नव्हे, आमचं कॅनडातलं, ग्वेल्फहून गाडीनं दीड तासावरचं. आठ महिन्यांपूर्वी स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तेव्हाच डॉक्टरांनी काहीही लपवून न ठेवता सांगितलं होतं. त्यामुळे बातमी अचानक आली असं म्हणता येणार नाही. तरीही अर्धी काच खरवडलेली गाडी तशीच सोडून मी परत आत गेले, वॉशरूमचं दार लावून घेतलं आणि जॅकेट-बूटांसकट खाली फरशीवर बसले.

त्याला आता पाच आठवडे झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात "ताई, तुम्ही चार शब्द बोला" असं इथल्या बौद्ध मंडळाच्या लोकांनी सांगितलं, तेव्हा मी त्याच्या हुशारीबद्दल बोलले, कामातल्या चोखपणाबद्दल बोलले, आंबेडकर जयंतीला शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन तो एकटा दोनशे खुर्च्या कशा मांडायचा ते सांगितलं. सगळं खरं होतं. पण जे बोलायला हवं होतं ते मी बोलले नाही. ते इथं लिहिते आहे. सुजाताला विचारून लिहिते आहे.

प्रभाकर आमच्या कंपनीत आला तो दोन हजार पाच साली. ग्वेल्फच्या बाहेर मोटारींचे सुटे भाग बनवणारा कारखाना, त्यात मोजमापाची प्रयोगशाळा, आणि त्या प्रयोगशाळेची मी प्रमुख. ब्रह्मपुरीजवळच्या एका जंगलकाठच्या खेड्यातून निघालेला, नागपूरला इंजिनिअर झालेला हा माणूस. त्याच्या बोटांत काहीतरी होतं. भाग हातात घेऊन, डोळे मिटून, कडेवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "ताई, यात गडबड आहे." मग यंत्रावर मोजलं की केसाच्या दशांशाएवढी गडबड निघायची. मी पुण्याची, शाकाहारी घरातली, घरी अंडंसुद्धा कधी न फोडलेली. तो डब्यात झणझणीत मटण आणायचा आणि मुद्दाम माझ्यासमोर बसून खायचा. "वास तरी घ्या ताई, वासाला काय पाप लागून राहिलं?" मला भाऊ नाही. चार वर्षांत तो कधी भाऊ झाला ते कळलं नाही.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत कारखान्यातल्या तीन लाइन बंद झाल्या. प्रयोगशाळेतल्या सहाजणांपैकी दोघं राहिलो, त्यात मी होते. प्रभाकर जाताना आपला मायक्रोमीटर पुसून, तेल लावून, पेटीत ठेवून गेला. त्यानंतर तो ओकव्हिलपासून ऑटवापर्यंत अप्लाय करत राहिला. कुठूनच उत्तर येईना. गाडी विकली. सुजाता एका बेकरीत पहाटेच्या शिफ्टला जाऊ लागली. मुलगी मैत्रेयी तेव्हा अकरा वर्षांची, मी त्यांच्याकडे गेले की ती दारातच सांगायची, "डॅड इज इन द बेसमेंट." ते आता तिच्या सवयीचं झालं होतं. खाली उतरले की प्रभाकर जुन्या सोफ्यावर बसलेला असायचा. टीव्ही बंद. दिवा बंद. "बसून राहिलो ताई," तो म्हणायचा. जणू कुणी त्याला तेवढंच काम दिलं होतं. एकदा तो चर्चच्या तळघरात चालणाऱ्या मोफत धान्यवाटपाला गेला. रांगेत उभा राहिला. नंबर जवळ आला तेव्हा दिसलं, टेबलामागे आपल्याच मंडळातलं एक जोडपं स्वयंसेवक म्हणून पिशव्या भरत होतं. ज्यांच्यासाठी यानं खुर्च्या मांडल्या होत्या ते. तो रांगेतून बाहेर पडला आणि पाच किलोमीटर चालत घरी आला. हे त्यानं मला सांगितलं नाही, सुजातानं सांगितलं.

त्यांच्या शेजारी वॉल्टर नावाचा एक म्हातारा गृहस्थ राहायचा. निवृत्त सुतार, बायको वारलेली, कंबर दुखरी. दर नोव्हेंबरला तो उत्तरेकडच्या जंगलात आपल्या लाकडी केबिनवर जायचा आणि एक हरीण मारून आणायचा. उन्हाळ्यात एकदा त्यानं सुजाताला गोठवलेल्या मांसाचं पाकीट दिलं. प्रभाकरनं ते लसूण, खसखस, काळा मसाला घालून रांधलं आणि वाडगाभर वॉल्टरला नेऊन दिलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दोघं हसले म्हणे. मग वॉल्टरनं त्याला गॅरेजमधला फ्रीझर उघडून दाखवला. "एक हरीण, पूर्ण विंटर," तो म्हणाला.

त्या दिवसानंतर प्रभाकर बेसमेंटमधून वर आला. लायब्ररीतून पुस्तकं आणली. वॉल्टरच्या ट्रकमधून जाऊन शिकाऱ्यांसाठीचा कोर्स केला, बंदूक सुरक्षितपणे हाताळायचा कोर्स केला, दोन्हींत पहिला आला. मला फोन करून तासभर बोलायचा. आमच्या भागात हरणासाठी रायफल कायद्यानं चालत नाही, वॉल्टरच्या जंगलात चालते. कुठलं काडतूस खेड्यातल्या दुकानातही मिळतं. कुठल्या रायफलचा धक्का खांद्याला सोसतो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण सहा महिन्यांनी त्याच्या आवाजात जीव आला होता आणि मी नुसती ऐकत राहायची.

ऑगस्टच्या शेवटी तो फॉर्म घेऊन आला. बंदुकीच्या परवान्याचा. त्यावर बायकोची सही लागते आणि शिवाय तीन वर्षांहून जास्त ओळखणाऱ्या दोन माणसांच्या सह्या लागतात. एक वॉल्टरनं केली होती. "दुसरी तुमची ताई," तो म्हणाला. मी म्हटलं, ठेवून जा, वाचते आणि करते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुजाताचा फोन आला. बेकरीच्या मागच्या दारातून बोलत होती, मागे गाड्यांचा आवाज. "ताई, तुम्ही सही करू नका."

"का गं?"

"मला भीती वाटून राहिली. मी नाही म्हणू शकत नाही त्यांना, मी सही केली... पण तुम्ही करू नका. ते म्हणतात, एकाच काडतुसाची घेईन. मी विचारलं, एकच का? तर हसले. ताई, एकच कशाला लागते माणसाला?"

मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. "त्याला यातलं काही सांगू नका," ती म्हणाली. "मी सांगितलं असं तर मुळीच नाही." मी शब्द दिला. आणि फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

तीन आठवडे मी त्याला टोलवत राहिले. आज पेन नव्हतं, उद्या मीटिंग होती, परवा घरी विसरले. परवाना यायला वेळ लागतो, नोव्हेंबरचा हंगाम जवळ येत होता, आणि त्याला ते दिसत होतं. पण तो ताईवर शंका घेईल असा माणूस नव्हता. एका शनिवारी तो म्हणाला, "तुमच्या गाडीनं मला दुकानात नेता का? नुसती पाहून येऊ." मी गेले. वाटलं, गाडीत बोलता येईल.

दुकान हायवेला लागून होतं. पुढे मासेमारीचं सामान, मागे काउंटर, काउंटरमागे भिंतभर बंदुका. दुकानदारानं आधी पाच काडतुसं भरता येतील अशी एक चकचकीत रायफल दाखवली. प्रभाकरनं किंमत ऐकून ती सभ्यपणे परत दिली. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या ठासणीच्या बंदुकीवर गेली. लांब नळी, पितळी पट्टी, वरून दारू ठासायची, अगदी जुन्या घडणीची. ती त्यानं हातात घेतली नाही. काचेवर बोट टेकवून पाहत राहिला आणि मला हळूच म्हणाला, "आमच्या गावात अशी होती ताई. मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या वाड्यावर. शिकारीला साहेब लोक आले की आमच्या आजोबाला हाक्याला नेत. डबे बडवत जंगलातून जनावर काढायचं. बंदुकीच्या समोरच्या बाजूनं चालायचं, मागच्या नाही. आजोबाचा बाप पण तेच. एकाचाही हात त्या दस्त्याला लागला नाही. एकदा आजोबानं नुसती उचलून भिंतीला टेकवली, तर मालगुजारानं ती पाण्यानं धुवून घेतली." मग मोठ्यानं, इंग्रजीत, दुकानदाराला तो म्हणाला की ठासणीची नको, ओल्या हवेत दारू पेटली नाही तर पोरगी उपाशी राहील, मला मांस पाहिजे, हौस नाही.

तेव्हा दुकानदारानं खालच्या रॅकमधून एक जुनी, वापरलेली रायफल काढली. मध्ये बिजागरीसारखी मोडणारी. कळ दाबली की नळी खाली वाकते, एक काडतूस घालायचं, मिटायची, घोडा मागे ओढायचा. अक्रोडाचा दस्ता, त्यावर कुणाच्या तरी अंगठीचे ओरखडे. किंमत दोनशे डॉलरच्या आसपास. प्रभाकरनं ती घेतली, आणि मी त्याला पुन्हा आमच्या प्रयोगशाळेत पाहिलं. नळी आणि मागची फळी जिथं मिटतात त्या फटीवरून त्यानं डोळे मिटून अंगठा फिरवला. दहा वेळा उघडली, दहा वेळा मिटली. आतून उजेड पाहिला. "ताई, ह्यात काही गडबड नाही," तो म्हणाला. "भाग कमी, बिघाड कमी. उघडली की आंधळ्यालाही कळते भरलेली की रिकामी. घरात लेकरू आहे, मला हेच पाहिजे. आणि एकच गोळी आहे हे ठाऊक असलं की माणूस घाईनं उडवत नाही, नेम धरतो. जनावर घायाळ होऊन पळत नाही." इतकं सरळ उत्तर होतं. सुजाताच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर. मी तिथंच फॉर्मवर सही करायला हवी होती का? साडेतीन वर्षं मी हे स्वतःला विचारते आहे.

गाडीत बसल्यावर मी इंजिन सुरू केलं नाही. म्हटलं, "प्रभाकर, एक विचारते. रागावू नकोस. तू स्वतःचं काही बरंवाईट करून घेणार नाहीस ना?"

तो समोरच्या काचेतून पाहत राहिला. मी मनात म्हणत होते, खोटं बोल, नाही म्हण, हसून म्हण...

"मार्चमध्ये विचार आला होता," तो म्हणाला. "एकदा नाही, रोज येत होता. आता येत नाही. हे सगळं सुरू केल्यापासून नाही आला. तुमच्याशी खोटं नाही बोलणार ताई."

"मग मी सही कशी करू?" माझ्या तोंडून निघालं. "डॉक्टरकडे चल. मी येते तुझ्यासोबत. तू बरा झालास की..."

"मी बराच होऊन राहिलो होतो." तो हळू बोलला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आमच्या हातात ती वस्तू द्यायची की नाही, हे दर वेळी दुसरंच कोणी ठरवते ताई. मला वाटलं होतं, इथं तरी..." तो दार उघडून उतरला आणि हायवेच्या कडेनं चालू लागला. मी गाडी हळूहळू त्याच्या बाजूनं नेत राहिले, काच खाली करून हाका मारत राहिले. त्यानं मान वळवली नाही. मागून ट्रक हॉर्न वाजवत होते. शेवटी मला पुढं जावं लागलं.

फॉर्म मी सही न करता पाकिटात घालून त्याच्या घरी टाकला. नोव्हेंबरमध्ये वॉल्टरनं त्याला केबिनवर नेलं. शिकारीचं कार्ड त्याच्याकडे होतं, बंदुकीचा परवाना तेवढा नव्हता. तेव्हा त्यानं काय केलं? नारिंगी जॅकेट घालून, झाडांवर काठी बडवत, आरोळ्या देत, तो इतरांच्या बंदुकांकडे हरणं हाकत राहिला. चार दिवस. वाट्याला आलेलं मांस घेऊन परतला. हे वॉल्टरनं मला एका दुकानाबाहेर भेटून कौतुकानं सांगितलं, "युअर फ्रेंड, ही वॉक्स लाइक अ डीअर!" मी घरी आले, नवऱ्याला काही सांगितलं नाही, भांडी घासत उभी राहिले आणि पाणी थंड झालेलं मला कळलंच नाही.

त्या हिवाळ्यात प्रभाकर पुन्हा बेसमेंटमध्ये जाऊन बसला. वसंतात सुजाता त्याला ओढून डॉक्टरकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या शरदात त्याला लंडनच्या एका कंपनीत हॉस्पिटलची उपकरणं तपासण्याचं काम मिळालं आणि ते तिकडे गेले. मला निरोपाचा फोन सुजातानं केला. त्यानं नाही. सव्वादोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. दिवाळीला मी चकल्या पाठवायची, मैत्रेयीचा "थँक्स मावशी" असा मेसेज यायचा, बस.

दोन हजार अकराच्या डिसेंबरमध्ये फोन वाजला. "ताई, फॉर्म परत भरून राहिलो. सही कराल?" मी दुसऱ्याच दिवशी लंडनला गेले. वाटेत बर्फ, हायवेवर गाड्या सरपटत होत्या. त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर फॉर्म तयार होता. गेल्या पाच वर्षांत नैराश्याचा उपचार घेतला का, या प्रश्नापुढे त्यानं 'होय' वर खूण केली होती आणि डॉक्टरांचं पत्र जोडलं होतं. मी सही केली. तो म्हणाला, "चहा घेता का?" आम्ही तिघांनी चहा घेतला. मागचं कुणी काढलं नाही. मी सुजाताकडे पाहिलं, ती कपात पाहत होती.

'होय' लिहिल्यामुळे चौकशी लांबली. मे महिन्यात मला एका अधिकारी बाईंचा फोन आला. या माणसाच्या हाती बंदूक देण्याबाबत तुम्हाला काही काळजी आहे का? "नो," मी म्हटलं. "नन." त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. जुलैच्या अखेरीला परवाना आला. त्याच सुमारास प्रभाकरच्या पाठीत दुखू लागलं होतं, वजन उतरू लागलं होतं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तपासणीचा निकाल आला.

सप्टेंबरमध्ये केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये आम्ही पुन्हा रायफल शोधायला निघालो. त्याला बोलताना धाप लागायची, पण त्याच्याकडे यादी होती. आता पगार होता, पाच काडतुसांची घेता आली असती. दुकानातल्या पोक्त माणसानं तेच सुचवलं. प्रभाकर म्हणाला, "नाही. मोडणारीच. एकाच काडतुसाची." फक्त काडतूस लहान घेतलं, कारण मोठ्याचा धक्का आता खांद्याला सोसला नसता. वजनं करून पाहिली. पाव किलो जड असलेली त्यानं बाजूला ठेवली. शेवटी एक जुनी, हलकी, बारीक नळीची रायफल निवडली. फटीवरून अंगठा फिरवला. केमोनं बोटं बधिर झाली होती. "ताई, मला काही कळून नाही राहिलं," तो म्हणाला. "तुम्ही पाहा." मी आयुष्यात पहिल्यांदा बंदुकीला हात लावला. डोळे मिटले, अंगठा फिरवला. "गडबड नाही," मी म्हटलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गेलो. वॉल्टर, प्रभाकर, सुजाता आणि मी. ही शिकार नव्हती, वेडेपणा होता. सुजातानं डॉक्टरांना काय सांगितलं कुणास ठाऊक. केबिनपासून शंभर पावलांवर, देवदारांच्या कडेला, वॉल्टरनं घडीची खुर्ची मांडली. त्यावर प्रभाकर, टक्कल पडलेल्या डोक्यावर नारिंगी टोपी, पायांवर ब्लँकेट, पुढे हात टेकायला लाकडाची घोडी. पहिल्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला इतक्या उलट्या झाल्या की सुजाता सामान भरू लागली. "उद्या सकाळपर्यंत," तो म्हणाला, "फक्त उद्या सकाळपर्यंत सुजा." इतकं कळवळून तो कधी काही मागत नसे.

तिसऱ्या सकाळी पातळ बर्फ पडला होता. मी त्याच्या मागे बसले होते. एक नर हरीण झाडीतून बाहेर आलं, मान खाली घालून जमीन हुंगत राहिलं. प्रभाकरनं घोडा मागे ओढला. नळीचं टोक हलत होतं. तो थांबला. श्वास सोडला, पुन्हा धरला. हरणानं मान वर केली. मला वाटलं, आता हे पळणार, आणि मी, जिनं कधी अंडं फोडलं नाही, मनात आक्रोश करत होते, थांब रे, थांब, हलू नकोस...

आवाज झाला. हरीण उसळलं आणि झाडीत गेलं. प्रभाकर उठायला गेला आणि गुडघ्यांवर कोसळला. "लागली की नाही? ताई, लागली की नाही? सोडून यायचं नाही. घायाळ असेल तर सोडून यायचं नाही!" त्याला सुजाताच्या हाती देऊन मी आणि वॉल्टर निघालो. वॉल्टर कंबर धरून लंगडत होता, म्हणून पुढे मी. बर्फावर रक्ताचा एक थेंब. मग दहा पावलं काही नाही. मग पानावर शिंतोडा. मी ओणवी होऊन शोधत होते, हातमोजे भिजले होते, दोनदा माग हरवला आणि मागून प्रभाकरची हाक येतच होती, "ताई, मिळालं का?" दीडशे पावलांवर एका पडलेल्या झाडापलीकडे ते होतं. निश्चल. डोळा उघडा. वॉल्टरनं खात्रीसाठी काठीनं डोळ्याला स्पर्श केला आणि टोपी काढली. मी धावत परत गेले. "मिळालं," मी म्हटलं. "गेलंय. त्याला त्रास नाही झाला फार."

प्रभाकर सुजाताच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. आनंदानं की कशानं, मला सांगता येणार नाही. मी पण रडले. मला हरणासाठीही रडू येत होतं.

त्यातला एक घासही त्याला खाता आला नाही. रस्सा दोन चमचे घेतला, तो उलटला. पण मांस कापून झाल्यावर तो बेसमेंटमध्ये फ्रीझरजवळ खुर्ची टाकून बसला आणि प्रत्येक पाकिटावर त्यानं स्वतः लेबल लावलं. मराठीत. अनुक्रमांक, भाग कोणता, वजन ग्रॅममध्ये, आणि खाली सूचना: 'मंद आचेवर', 'कुकरला नको', 'मैत्रेयीला आवडेल, तिखट कमी'. एकेचाळीस पाकिटं. तीन दिवस लागले त्याला.

मार्चमध्ये तो गेला. रायफल वॉल्टर घेऊन गेला, कारण सुजाताकडे परवाना नाही. निम्मी पाकिटं उरली. त्या दोघी रविवारी एक काढतात.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे बर्फाळ पाऊस झाला. तारांवर बर्फ चढून तारा तुटल्या, लंडनच्या अर्ध्या भागाची वीज गेली. सकाळी सुजाताचा फोन आला. तिला धड बोलता येत नव्हतं. "ताई, फ्रीझर... काल दुपारपासून बंद आहे. सतरा पाकिटं राहिली. सतराच राहिली ताई." मी नोकरीवर फोन केला, दोन आइसबॉक्स आणि पेट्रोल पंपावरच्या बर्फाच्या सगळ्या पिशव्या गाडीत टाकल्या आणि निघाले. हायवेवर जागोजागी झाडं आडवी झाली होती. दीड तासाच्या रस्त्याला चार तास लागले. सबंध रस्ताभर मी मोठ्यानं एकटीच बोलत होते, टिकू दे, टिकू दे.

बेसमेंटमध्ये अंधार होता. फ्रीझरला त्यांनी घरातली सगळी पांघरुणं गुंडाळली होती. हॉस्पिटलमधून परत आणलेलं त्याचं ब्लँकेट सगळ्यांत वर. फ्रीझरला पाठ टेकून सुजाता आणि मैत्रेयी बसल्या होत्या. "डोन्ट ओपन इट, मावशी," मैत्रेयी म्हणाली. "एव्हरी टाइम यू ओपन इट, इट गेट्स वॉर्मर." तेव्हा आम्ही उघडलं नाही. बर्फाच्या पिशव्या वर रचल्या, आणि मीही त्यांच्या बाजूला बसले.

बऱ्याच वेळानं सुजाता म्हणाली, "सही नका करू असं मी सांगितलं होतं, हे मी त्यांना कधी बोलले नाही. शेवटच्या दिवसांत रोज ठरवत होते. नाही जमलं. तुमच्यावर राग धरून बसले ते... माझ्यामुळे. तुम्हीही सांगितलं नाही."

"शब्द दिला होता तुला."

"आपण चुकलो का ताई?"

त्या वेळी सही केली असती तर त्याला तीन हंगाम मिळाले असते, निरोगी अंगानं, स्वतःच्या पायांनी माग काढत. किंवा एकही मिळाला नसता, आणि पुढची तीन वर्षंही नसती. "माहीत नाही गं," मी म्हटलं. "मला खरंच माहीत नाही." तिनं माझा हात हातात घेतला. "लिहा हे," ती म्हणाली. "माझं नाव घालून लिहा." मैत्रेयीला किती समजलं कोण जाणे, ती दोघींच्या मध्ये सरकली.

तिसऱ्या प्रहरी पाठीला काहीतरी थरथरलं. आधी मला वाटलं, कुणीतरी हुंदका दिला. मग फ्रीझरची मोटर घरघरली, जिन्यावरचा दिवा लागला. मैत्रेयीनं झाकण जेमतेम वीतभर उचललं, हात आत घातला आणि चाचपून पाहिलं.

"घट्ट आहेत," ती म्हणाली. मराठीत.